गाडीची उंची कमी केल्यावर हाताळणी आणि व्हील अलाइनमेंट यांवर होणारे परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे प्रामुख्याने स्विफ्ट किंवा पोलो यांच्यासारख्या हॅचबॅक गाड्यांना लागू आहेत. या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचा एकत्रित उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) अशी रचना असते आणि उंची बहुधा आखूड स्प्रिंग बसवून २० ते ५० मिलिमीटरने कमी केली जाते. एअर सस्पेंशनचा विचार येथे केलेला नाही.

गाडी खाली आणली की ती वळणावर अधिक स्थिर होते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी प्रमाणात. वळण घेताना आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार किती सरकेल ते गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील रुंदी यांवर ठरते. उदाहरणादाखल १००० किलो वजनाची, ५५० मिमी उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि १४८० मिमी ट्रॅकची (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतील अंतराची) गाडी घेऊ. गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराने ती वळत असेल, तर सुमारे २२३ किलो भार बाहेरच्या बाजूला सरकतो. हीच गाडी ३० मिमी खाली आणली, तर हा आकडा सुमारे २११ किलो होतो, म्हणजे घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहते. प्रत्यक्षात चाके, हब आणि ब्रेक खाली येत नाहीत, त्यामुळे ती याहूनही थोडी कमी भरते. रेसिंगमध्ये एवढा फरक मोलाचा असतो. ऑफिसला जाण्यायेण्याच्या गाडीत केवळ यासाठी खर्च करावा असे मला वाटत नाही.

मग खाली आणलेली गाडी चालवताना इतका मोठा फरक का जाणवतो?

जाणवणारा फरक बहुतांशी स्प्रिंगच्या कडकपणाचा असतो. उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग सहसा मूळ स्प्रिंगपेक्षा २० ते ३० टक्के कडक असतात, त्यामुळे गाडी वळणावर कमी झुकते, ब्रेक लावल्यावर पुढे कमी वाकते आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देते. चालक याचे श्रेय उंचीला देतो. मूळ उंची कायम ठेवून तेवढ्याच कडक स्प्रिंग आणि जुळणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवले, तर या फायद्याचा मोठा भाग हाती येतो आणि पुढे वर्णन केलेल्या बहुतेक अडचणी टळतात. गाडी खाली आणण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हा पर्याय गांभीर्याने विचारात घ्यावा.

उंची कमी केल्यावर गाडीचे झुकणे उलट वाढू शकते असे म्हणतात. हे कसे शक्य आहे?

मॅकफर्सन रचनेच्या बाबतीत हे खरोखर घडते. बॉडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात आणि त्याची जागा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, कलावर अवलंबून असते. मूळ उंचीवर लोअर आर्म साधारण आडवा असतो, किंवा त्याचे बॉडीकडील टोक चाकाकडील टोकापेक्षा किंचित वर असते. बॉडी खाली आली की आतले टोक खाली जाते, आर्म उलट दिशेने कलतो आणि रोल सेंटर बॉडीपेक्षा अधिक वेगाने खाली उतरतो. गाडी ३० मिमी खाली आली, तर तो त्याच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक खाली जाऊ शकतो, कधी जमिनीच्या पातळीखालीसुद्धा. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातील अंतर हीच बॉडीला झुकवणारी तरफ असल्यामुळे, गुरुत्वमध्य खाली येऊनही तरफेची लांबी वाढते. कडक स्प्रिंग हा दोष झाकतात. मूळच्याच स्प्रिंग कापून उंची खूप कमी केली असेल, तर तो झाकला जाईलच असे नाही.

यावर उपाय म्हणून बॉल जॉइंटचा (लोअर आर्मच्या चाकाकडील टोकाच्या गोल सांध्याचा) दांडा लांब करणारे भाग मिळतात. मात्र ते बसवले तर टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) बाह्य टोकाची उंचीही त्या प्रमाणात बदलावी लागते, नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी निर्माण होते.

अलाइनमेंटमधील कोणकोणते कोन बदलतात?

कँबर, टो आणि कॅस्टर हे तिन्ही कोन बदलतात, पण सारख्या प्रमाणात नाही.

समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कललेला दिसतो, तो कल म्हणजे कँबर. वरचा भाग आत असेल तर कँबर ऋण. गाडी ३० मिमी खाली आणल्यावर पुढच्या चाकांचा कँबर साधारणपणे अर्ध्या अंशाच्या आसपास ऋण दिशेला सरकतो. एवढा ऋण कँबर वळणावर उपकारकच असतो, कारण बॉडी झुकल्यावर बाहेरचा टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. पण मॅकफर्सन रचनेची एक मर्यादा आहे. लोअर आर्म आणि स्ट्रट यांच्यात काटकोन होईपर्यंतच दबलेल्या चाकाला ऋण कँबर मिळत राहतो, आणि त्यापलीकडे चाक आणखी दबले की कँबर उलट धन दिशेला परत येऊ लागतो. फार खाली आणलेली गाडी उभी असताना चाके छान आत कललेली दिसतात, पण नेमक्या वळणात बाहेरच्या चाकाला हवा तो आधार मिळत नाही, त्याचे कारण हे आहे.

दोन चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन आणि एकमेकांपासून दूर असली तर टो-आउट. उंचीतील बदलाचा सर्वांत खर्चिक परिणाम याच कोनावर होतो. टाय रॉड आणि लोअर आर्म यांच्या लांबी व कल वेगवेगळे असल्याने बॉडी खाली आली की ते चाकाला सारखे खेचत नाहीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ज्या गाड्यांत स्टिअरिंग रॅक (टाय रॉड सरकवणारी दांडी) धुरीच्या मागे असते, त्यांत हा बदल बहुतेक वेळा टो-आउटकडे होतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे भटकते आणि स्टिअरिंग सतत सावरावे लागते.

कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल, चारही चाके सारखी खाली आणल्यास फारसा बदलत नाही. फक्त पुढची बाजू ३० मिमी खाली आणली, तर २.४५ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या धुऱ्यांतील अंतराच्या) गाडीत बॉडी सुमारे ०.७ अंशाने पुढे कलते आणि कॅस्टर जवळपास तेवढाच घटतो. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर परतण्याची ओढ त्यामुळे काहीशी कमी होते.

टायर आतल्या बाजूने झिजतात, ते ऋण कँबरमुळेच ना?

दोष सहसा कँबरला दिला जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु बहुतांश वेळा टायर खाणारा कोन टो असतो. एखाद्या चाकाचा टो अर्ध्या अंशाने चुकलेला असेल, तर गाडी एक किलोमीटर पुढे जाताना तो टायर सुमारे ८.७ मीटर आडवा घासला जातो. नुसत्या एक अंश ऋण कँबरने अशी फरफट होत नाही. त्याने भार आतल्या कडेकडे सरकतो आणि झीज हळूहळू असमान होते. ऋण कँबर आणि टो-आउट एकत्र आले की सगळी घासाघीस आतल्या कडेवर पडते आणि बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत झिजतो.

ओळखण्याची एक साधी रीत आहे. टायरच्या पृष्ठावरून तळहात आडवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत, फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे खरखरीत लागले तर दोष टोचा आहे. दोन्ही दिशांना सारखेच लागत असून फक्त आतली कड उतरलेली असेल, तर कँबर तपासावा.

खड्ड्यावरून किंवा उंचवट्यावरून जाताना स्टिअरिंग आपोआप का ओढते?

याला बंप स्टिअर म्हणतात. चाक वरखाली होताना टो बदलत राहतो. मूळ उंचीवर टाय रॉड आणि लोअर आर्म यांची टोके अशा रीतीने आखलेली असतात की हा बदल अगदी थोडा राहावा. गाडी खाली आणल्यावर दोन्ही भाग आपल्या वर्तुळाकार मार्गाच्या अधिक तिरप्या भागात काम करू लागतात आणि त्यांचे मार्ग जुळेनासे होतात. एकच चाक खड्ड्यात गेले तर तेवढेच चाक वळते आणि गाडी चालकाने न सांगता दिशा बदलते. अलाइनमेंट यंत्रावर हा दोष दिसत नाही, कारण तेथे गाडी स्थिर असते. टो कितीही अचूक लावला तरी बंप स्टिअर उरतोच. तो घालवायचा तर टाय रॉडच्या टोकाची उंची बदलावी लागते किंवा गाडी थोडी वर घ्यावी लागते.

मागच्या चाकांचे अलाइनमेंट करावे लागते का?

मोजावे जरूर, पण टॉर्शन बीमवर टो आणि कँबर बदलण्यासाठी बोल्टची सोय बहुधा नसते. दोन्ही बाजू सारख्या खाली आल्या तर बीम आपल्या बुशभोवती (जोडणीतील रबरी नळीभोवती) थोडा फिरतो आणि कोनांत किरकोळच फरक पडतो. मोजणीत मोठा फरक दिसला तर त्याचे कारण उंची नसून वाकलेला बीम किंवा संपलेले बुश असण्याची शक्यता अधिक असते. हब आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारख्या पातळ चकत्या बसवून कोन दुरुस्त करता येतो.

मागे मल्टिलिंक सस्पेंशन (प्रत्येक चाक अनेक वेगळ्या दांड्यांनी धरणारी रचना) असलेल्या गाड्यांत गोष्ट वेगळी आहे. तेथे मागचा कँबर बराच ऋण होतो, टोही बदलतो, आणि दोन्ही जागेवर आणण्यासाठी कधी लांबी बदलता येणारे आर्म घ्यावे लागतात. मागचा टो बाहेरच्या दिशेला गेला तर वेगात लेन बदलताना गाडीची शेपटी सुटू शकते, म्हणून त्याकडे पुढच्या चाकांपेक्षाही अधिक काळजीने पाहावे.

अलाइनमेंट नेमके केव्हा आणि कसे करून घ्यावे?

स्प्रिंग बसवल्याच्या दिवशी एकदा करावे आणि काहीशे किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर पुन्हा करावे, कारण नव्या स्प्रिंग सुरुवातीला किंचित दबून आखूड होतात आणि त्या थोड्या मिलिमीटरांनीही टो हलतो. पहिले अलाइनमेंट टाळून पैसे वाचवू नयेत. चुकीच्या टोवर तेवढ्या अंतरातही टायरची कड उतरायला लागते.

अलाइनमेंटच्या आधीची एक पायरी अनेक गॅरेजांत सुटते. लोअर आर्म आणि मागचा बीम ज्या रबरी बुशमध्ये बसतात, त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. तो काही महिन्यांत फाटतो, आणि फाटेपर्यंत उंची आणि कोन दोन्ही बिघडवतो. हे बोल्ट ढिले ठेवून, गाडी चाकांवर उभी करून, पुढेमागे ढकलून तिची उंची स्थिरावल्यावरच शेवटचे आवळावेत. मेकॅनिकला हे आधीच सांगून ठेवावे आणि शक्य असल्यास काम चालू असताना तेथे थांबावे.

त्यानंतर टायरची हवा योग्य करावी, डिकीतील सामान काढावे आणि बॉल जॉइंट व टाय रॉड एंडमध्ये खेळ नाही ना हे तपासून घ्यावे. मापन मागच्या चाकांपासून सुरू व्हावे. मग शक्य असेल तर पुढचा कँबर लावावा आणि सर्वांत शेवटी, स्टिअरिंग सरळ बांधून, टो. कँबर हलवला की टो बदलतो, म्हणून हा क्रम उलटा चालत नाही. बऱ्याच गाड्यांत पुढचा कँबर बदलण्याची कारखान्याची सोय नसते. तेव्हा स्ट्रट आणि हब जोडणाऱ्या जागी कमी जाडीचा किंवा विकेंद्री (मध्य एका बाजूला सरकलेला) कँबर बोल्ट वापरता येतो.

आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्यावा. यंत्राच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसणे पुरेसे नाही, कारण हिरवा पट्टा रुंद असतो आणि डावे चाक त्याच्या एका टोकाला, उजवे दुसऱ्या टोकाला असूनही तो हिरवाच दिसतो. डाव्या-उजव्या कँबरमध्ये अर्ध्या अंशाहून अधिक फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढू लागते.

मूळ शॉकअ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवून फक्त स्प्रिंग बदलल्या तर चालेल का?

२० मिमीपर्यंतच्या बदलात आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे असतील तर चालते, पण त्यांचे आयुष्य कमी होते. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली, तर तिची उसळी तितक्याच प्रभावीपणे शमवायला सुमारे १४ टक्के अधिक दमन लागते, आणि जुना शॉकअ‍ॅब्सॉर्बर ते देऊ शकत नाही. शिवाय त्याचा पिस्टन आता नेहमीपेक्षा खालच्या भागात काम करतो. ५० हजार किलोमीटर झालेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर नव्या आखूड स्प्रिंग चढवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

खाली आणलेली गाडी घाटात अधिक चांगली चालते का?

गुळगुळीत रस्त्याच्या घाटात, होय. पावसाळ्यानंतरच्या उखडलेल्या घाटात बहुधा नाही, आणि याचे कारण सस्पेंशनच्या शिल्लक चालीत आहे. समजा मूळ गाडीत चाकाला वर जाण्यासाठी ८० मिमी जागा आहे आणि आपण ३० मिमी खर्च करून टाकले. उरलेल्या ५० मिमीत तोच धक्का तळाला न आपटता पचवायचा असेल, तर स्प्रिंग सुमारे अडीच पट कडक हवी, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाजारातील स्प्रिंग मात्र २०–३० टक्केच कडक असतात, आणि अडीच पट कडक स्प्रिंगवर कोणी बसूही शकणार नाही. म्हणजे उरलेला धक्का बंप स्टॉपवर (चाकाची चाल संपते तेथे असलेल्या रबरी ठोकळ्यावर) जाणार हे ठरलेलेच आहे.

बंप स्टॉपला टेकताक्षणी ते टोक एकदम कडक होते. तीव्र वळणात पुढचे बाहेरचे चाक टेकले, तर पुढच्या टायरची पकड अचानक घटते आणि गाडी वळणाबाहेर सरकते. मागचे टेकले तर शेपटी हलते. वरंध किंवा आंबेनळीसारख्या अरुंद घाटात, ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर खड्डा आला तर हे सर्व एका क्षणात घडते. टायर रस्त्याला चिकटून राहण्यासाठी चाकाला वरखाली व्हायला जागा लागते. आपल्या रस्त्यांवर ही जागा गुरुत्वमध्याच्या ३० मिमीपेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

मूळ स्प्रिंग कापून उंची कमी केली तर?

करू नये. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते हे खरे, पण टोकाचा वेढा आपल्या खाचेत बसण्यासाठी विशिष्ट आकाराचा केलेला असतो आणि कापल्यावर तो आकार नाहीसा होतो. चाक हवेत लोंबले की सैल झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग दाबून आखूड करणे त्याहून वाईट आहे, कारण पोलादाचे टेंपर (उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली ताकद) उतरते आणि पुढे ती आणखी दबत जाते किंवा तुटते.

गतिरोधकांचा विचार करता किती खाली आणणे योग्य?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मध्यभागी असताना तिची चारही चाके स्वतःच सुमारे ५६ मिमी उंचीवर असतात, त्यामुळे पोटाखालची जागा फक्त ४४ मिमीने कमी होते. १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्सची (पोट आणि जमीन यांतील अंतराची) गाडी ४० मिमी खाली आणूनही असा गतिरोधक ओलांडू शकते. अडचण येते ती सोसायटीच्या फाटकाशी आणि गावाच्या वेशीवर घातलेल्या आखूड, उंच उंचवट्यांची, कारण तो उंचवटा पूर्णपणे दोन धुऱ्यांच्या मध्ये येतो आणि त्याची सगळी उंची पोटाला लागते. पाच माणसे बसल्यावर गाडी आणखी ३०–४० मिमी दबते. १६५ मधून ४० आणि ३५ वजा केले तर ९० मिमी उरतात, आणि १०० मिमीचा आखूड उंचवटा तिला घासणारच.

म्हणून रोजच्या गाडीसाठी २० ते २५ मिमी ही मर्यादा मी सांगतो. युरोपातील याच गाड्या आपल्याकडील आवृत्तीपेक्षा खाली असतात हे खरे, पण तेथे स्प्रिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बंप स्टॉप यांचा संच त्या उंचीसाठी एकत्र आखलेला असतो.

इतर कोणत्या भागांवर परिणाम होतो?

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, म्हणून त्यांच्या टोकांच्या सांध्यांचे (सीव्ही जॉइंटचे) रबरी बूट फाटलेले नाहीत ना हे वरचेवर पाहावे. अँटिरोल बारच्या (डाव्या-उजव्या सस्पेंशनला जोडून झुकणे कमी करणाऱ्या दांडीच्या) लिंकवर ताण आला तर आखूड लिंक घ्यावी. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नसेल तर हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशन तपासावे. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह सस्पेंशनच्या उंचीवरून भार ओळखतो. अशा गाडीची मागची बाजू खाली आणली की व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटते, तो मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो आणि मोकळ्या गाडीची मागची चाके आधी लॉक होतात. हा धोका गंभीर आहे आणि व्हॉल्व्हची जोडणी नव्या उंचीला जुळवल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणू नये.

हा बदल कायदेशीर आहे का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, एवढ्यावर विसंबून निश्चिंत राहू नये. काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेम नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

उंची कमी न करता हाताळणी सुधारायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

आधी टायर. चांगले, योग्य हवेचे टायर जेवढी पकड देतात तेवढी कोणतीही स्प्रिंग देत नाही. त्यानंतर संपलेले बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलून अचूक अलाइनमेंट करून घ्यावे. पाच-सहा वर्षे चाललेल्या अनेक गाड्या एवढ्यानेच इतक्या बदलतात की मालक खाली आणण्याचा विचार सोडून देतात. तरीही झुकणे खटकत असेल, तर त्या मॉडेलसाठी मिळत असल्यास जाड अँटिरोल बार बसवावा.

नंतर गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणता येते का?

येते, म्हणून मूळ स्प्रिंग, बंप स्टॉप आणि लिंक यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून ते भाग कोरड्या जागी जपून ठेवावेत. परत बसवतानाही बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच आवळावेत आणि अलाइनमेंट नव्याने करावे, कारण मधल्या काळात लावलेला टो मूळ उंचीवर तितकाच चुकीचा ठरतो.